रो-हाऊससाठी रिव्हॉल्व्हर कोणतं घ्यावं, निर्भीक, प्रबळ की पिस्तूल?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कासारवडवलीला रो-हाऊस, घरात बायको, आईवडील आणि सहा वर्षांचा मुलगा, तुम्ही महापेला नाइट शिफ्टला, लेनमध्ये महिन्याभरात दोन घरफोड्या झाल्या, म्हणून घरात रिव्हॉल्व्हर ठेवायचंय आणि विचारलंय एवढंच की निर्भीक घेऊ, प्रबळ घेऊ की सरळ पिस्तूल. मी नेरूळला राहते, नवरा जहाजावर असतो, वर्षातले सात महिने घरात मी, सासरे आणि मुलगी, आणि माझ्या नावावर .३२ चं (म्हणजे नळीचं माप, इंचात) लायसन आहे. ते कसं आलं ते पुढे सांगतेच, पण आधी तुम्ही जे विचारलंय त्याचं उत्तर देते, नाहीतर म्हणाल बाई प्रवचनच द्यायला लागली.

आपल्याकडे चॉइस म्हणजे साडीच्या दुकानासारखा नसतो. .३८ आणि ९ एमएम सामान्य माणसाला मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्यांना बंदी असलेल्या नळीच्या मापांत येतं. बाहेरून आयात ऐंशीच्या दशकापासून बंद आहे, त्यामुळे जुनं विलायती कोणी विकायला काढलं तर सोन्याच्या भावाने काढतो. उरतं काय, तर .३२, आणि हलकं हवं असेल तर .२२. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं जुनं .३२ आहे, त्याच घरातलं निर्भीक आहे जे २०१४ ला आलं, टायटॅनियमचं, वजन अर्धा किलोच्या आसपास, तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या घरात होती आणि बायकांसाठी म्हणून गाजावाजा झाला होता. मग प्रबळ, २०२३ चं, हेही कानपूरचंच, पावणेसातशे ग्रॅम, याचं सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचा फिरता भाग, बाजूला उघडतं. जुन्यात आणि निर्भीकमध्ये अख्खी नळी बिजागरीवर पुढे मोडते, आपण नारळ फोडल्यासारखी, आणि रिकामी काडतुसं वर उचलली जातात. उत्तर प्रदेशात संडीला म्हणून गाव आहे तिथे वेब्ली या विलायती कंपनीवाले पण .३२ बनवतात. बास, मुख्य एवढंच. आणि हो, सप्टेंबर २०२५ पासून यावर जीएसटी ४० टक्के आहे, पान मसाल्याच्या पंगतीत नेऊन बसवलंय, तेव्हा बजेट करताना ते धरा.

घरातच ठेवायचं असेल तर हलक्याच्या मागे लागू नका. हलकं हत्यार कमरेला लावून फिरणाऱ्याला बरं, घरात ते कपाटात पडून राहणार, तिथे दोनशे ग्रॅम जास्त असले तर कपाट काय तक्रार करणार आहे का. उलट जड असलं की झटका कमी बसतो आणि नळी कमी उडते. निर्भीक मी गन हाऊसमध्ये, म्हणजे हत्यारांच्या दुकानात, हातात घेऊन बघितलंय, मूठ छान आहे, पण मला विचाराल तर प्रबळ किंवा जुनं पोलादी. चाप मात्र स्वतः ओढून बघितल्याशिवाय कुठलंच घेऊ नका. आमच्या सासऱ्यांच्या रिव्हॉल्व्हरचा चाप इतका कडक आहे की पहिल्यांदा ओढला तेव्हा मला वाटलं अडकलाय, बोट पांढरं पडलं, आणि ओढता ओढता नळी डावीकडे अशी वळली की समोरचं कॅलेंडर सोडून बाजूचं घड्याळ निशाण्यावर आलं. रिकाम्या रिव्हॉल्व्हरची गोष्ट आहे ही, घाबरू नका. घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारा मागचा खटका, आधी अंगठ्याने मागे ओढून ठेवला की चाप हलका होतो, पण मग तो इतका हलका होतो की घाबरलेल्या माणसाच्या हातात ते नकोच.

पिस्तुलाचं म्हणाल तर .३२ ची पिस्तुलं पण मिळतात, पण ज्याला आठवड्याला सराव करायला वेळ नाही त्याने रिव्हॉल्व्हर घ्यावं असं माझं मत. एखादी गोळी फुसकी निघाली तर पिस्तुलात स्लाइड मागे ओढा, अडकलेली काढा, हे सगळं अंधारात करायचं, रिव्हॉल्व्हरमध्ये परत चाप ओढला की सिलिंडरमधलं गोळीचं पुढचं घर येतं. काडतुसं आपल्या पुण्याच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, मागे केएफ कोरलेलं असतं. साठा करता येत नाही, एका वेळी शंभर आणि वर्षाला दोनशे ही वरची मर्यादा, तुमच्या लायसनवर त्याहून कमीच लिहितील बहुतेक.

सासरे सहा घरांत पाचच घालायचे. घोड्याखालचं घर कायम रिकामं. मी हसायचे त्यांना, म्हणायचे बाबा पैसे वाचवताय का. जुन्या बनावटीचं रिव्हॉल्व्हर हातातून पडून घोड्यावर आपटलं तर गोळी सुटू शकते, त्याला पिस्तुलासारखा वेगळा सेफ्टीचा खटका सहसा नसतो, हे मला नंतर कळलं. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे जुहूला गोविंदाच्या पायात त्याच्याच लायसनच्या रिव्हॉल्व्हरची गोळी गेली, ती बातमी वाचून सासरे पेपर माझ्यापुढे सरकवून काही न बोलता चहा प्यायला लागले.

आता त्यांचं लायसन माझ्याकडे कसं. त्यांचे वाशी मार्केटला कांदा-बटाट्याचे गाळे होते, रोकड घेऊन रात्री घरी यायचे, त्यावर १९९८ ला लायसन मिळालं. सत्तरी ओलांडली की वारसाच्या नावावर करता येतं असा नियम आहे, आणि वारसात सून पण धरतात. आधी नवऱ्याच्याच नावाने करायचं ठरत होतं. फॉर्म भरताना तिथल्या एका हवालदार काकांनी विचारलं, साहेब वर्षातले किती महिने घरी असता, हा म्हणाला पाच, काका म्हणाले मग उरलेले सात महिने हे हत्यार कोणाचं? आम्ही दोघं गप्प. कारण लायसन ज्याच्या नावावर, हत्यार त्याच्याच हातात. घरातलं दुसरं कोणी लायसनवर नाव नसताना ते वापरायला गेलं की भानगड त्याचीही आणि तुमचीही. म्हणून मग माझ्या नावाने केलं, सव्वा वर्ष लागलं.

दादा तुम्ही नाइट शिफ्टला. तुमच्या प्रश्नात ही ओळ सगळ्यात शेवटी आहे पण माझ्या मते तीच पहिली यायला पाहिजे होती. रात्री दहा ते सकाळी सात तुम्ही महापेला, रिव्हॉल्व्हर तुमच्या नावाचं, कपाटात कुलूपबंद, चावी किंवा नंबर तुमच्याकडे. तुमच्या कंपनीत ते नेता येणार नाही. आणि घरी वहिनींना नंबर सांगून ठेवलात तर वर सांगितलं तेच. म्हणजे ज्या नऊ तासांसाठी दीड-दोन लाख घालायचे, त्याच नऊ तासांत ते कोणाच्याच कामाचं नाही. घ्यायचंच असेल तर अर्ज वहिनींच्या नावाने करा, आणि आधी वहिनींना विचारा की त्यांना ते हवंय का. गंमत नाही करत, खरंच विचारा.

आणि चोर कधी येतो? आमच्याकडे आला तो २०१९ च्या गणपतीत. आम्ही सगळे देवगडला गेलेलो, घर पाच दिवस बंद, आपल्याकडे ठाणे नवी मुंबईत अर्ध्या बिल्डिंगी गणपतीत कोकणात गेलेल्या असतात हे चोराला आपल्यापेक्षा जास्त माहीत. मागच्या बाजूने स्वयंपाकघराच्या खिडकीतून शिरले. ग्रिलचे स्क्रू बाहेरच्या बाजूने होते, बिल्डरने तसेच बसवलेले, आम्ही अकरा वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. सगळे काढून त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने लावून ठेवले होते, आठ स्क्रू, माझ्या मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या लावाव्यात तसे. कपाटातलं थोडं सोनं, मुलीच्या बारशाचे वाळे आणि कमरेची साखळी, चाळीसेक हजार रोख, सगळं गेलं. रिव्हॉल्व्हर मात्र राहिलं, कारण ती छोटी लोखंडी तिजोरी सासऱ्यांनी भिंतीत चार बोल्ट मारून बसवलेली. तिच्याभोवतीचं प्लॅस्टर वीतभर उखडलेलं होतं. अजून अर्धा तास मिळाला असता तर तिजोरीसकट गेलं असतं.

पोलीस स्टेशनला मी दागिन्यांची यादी घेऊन बसले, आणि साहेबांनी यादी बाजूला ठेवून पहिलं विचारलं, घरात लायसनचं हत्यार आहे ना, ते कुठंय? आहे म्हटल्यावर ते जे खुर्चीत मागे टेकले ना, तेव्हा मला घाम फुटला. वाळ्यांसाठी मी रडत होते, पण रिव्हॉल्व्हर गेलं असतं तर उद्या कुठल्याशा गुन्ह्यात ते निघालं की पहिलं नाव माझं. तेव्हापासून गावाला जाताना गन हाऊसमध्ये जमा करते आणि पावती पर्समध्ये. म्हणजे बघा, घर रिकामं असतं तेव्हा, म्हणजे चोर यायची जास्त शक्यता असते तेव्हाच, ते घरात नसतं.

निवडणुकीलाही तेच. २०२४ ला लोकसभेला आचारसंहिता लागली की जमा करा अशी नोटीस आली, जूनमध्ये सोडवून आणलं, ऑक्टोबरमध्ये विधानसभेची लागली, परत जमा. वर्षातले चारेक महिने ते पोलीस स्टेशनच्या कपाटात होतं, माझ्या नाही. बरं वाटलं खरं तर, झोप छान लागायची.

कायद्याचं थोडक्यात, कारण खाली कोणीतरी लिहिलंय की रात्री घरात शिरला की उडवा, काही होत नाही. असं नसतं हो. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. ४१ मध्ये सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधीची घरफोडी आहे, त्यात हा हक्क जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो हे खरं, पण ३७ म्हणतं गरजेपेक्षा जास्त इजा नाही. तो कुंपणावरून उडी मारून पळतोय आणि तुम्ही बाल्कनीतून पाठीत गोळी घातलीत तर संपलं, मग वकील तुम्ही शोधायचा. आणि आपल्या घरांच्या आतल्या भिंती कसल्या, फ्लश डोअर आणि जिप्समचं पार्टिशन .३२ ची गोळी अडवत नाही. रो-हाऊसमध्ये पॅसेजमधून जिन्याकडे मारलेली गोळी कोणाच्या बेडरूमकडे जाते ते एकदा दिवसा उभं राहून बघा. माझ्या घरात मी बघितलं. सरळ मुलीच्या पलंगाच्या डोक्याशी.

सहा वर्षांच्या मुलाबद्दल एवढंच सांगते की कडक चाप मुलाला ओढता येणार नाही या भरवशावर राहू नका, मुलं दोन्ही अंगठे लावतात. आणि ‘उंचावर ठेवलंय’ हे त्यांच्यासाठी आमंत्रणच. हत्यार भिंतीत बोल्ट मारलेल्या तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात. लायसनच्या अर्जासोबत तसं हमीपत्र द्यावंच लागतं. पण मग रात्री अडीचला खालून आवाज आला तर काय? मी एकदा मुद्दाम करून बघितलं, नवऱ्याने मोबाइलवर वेळ लावली. दिवा न लावता तिजोरीचा नंबर, तो पहिल्यांदा चुकला, मग दुसऱ्या कपाटातून काडतुसं, मग नळी मोडून एकेक घालायचं, घामाने दोन निसटून पलंगाखाली गेली, ती घरंगळल्याचा आवाज अजून कानात आहे. पावणेतीन मिनिटं. सासरे म्हणाले, एवढ्यात चोर चहा करून पिऊन गेला असता.

इतकं वाचूनही घ्यायचंच असेल तर तुमचा अर्ज ठाणे पोलीस आयुक्तालयात जाईल. ऑनलाइन भरून मग कागद, डॉक्टरचं सर्टिफिकेट, शस्त्र हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, पोलिसांची चौकशी. तुमच्या जिवाला नेमका धोका काय हे विचारतील, ‘लेनमध्ये घरफोड्या झाल्या’ एवढ्यावर सहसा भागत नाही, अर्ज फेटाळला तर अपील करता येतं. ट्रेनिंग मात्र कागदापुरतं करू नका. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, तिथे चौकशी करा, आधी .२२ वर हात बसवा. मी पहिल्या दिवशी दहा मीटरवरून दहा गोळ्या मारल्या, कागदाला तीन लागल्या. दिवसाउजेडी, कानाला आवाज अडवणारे मफ लावून, शेजारी शिकवणारा उभा असताना.

माझंच विचाराल तर सासऱ्यांनंतर हे लायसन मी पुढे चालू ठेवणार नाही, त्यांचा जीव आहे त्यात म्हणून आहे. २०१९ नंतर आम्ही जे केलं त्याला सगळं मिळून साठ-पासष्ट हजार गेले. ग्रिल काढून भिंतीत आतून गाडलं, मागच्या दाराला लोखंडी सेफ्टी डोअर, स्लायडिंगच्या खाचेत आडवा रॉड, मागच्या गल्लीत हालचाल झाली की पेटणारा दिवा, एक कॅमेरा. आणि लेनमधल्या सात घरांनी मिळून एक भोंगा लावलाय, बटण प्रत्येकाच्या बेडरूममध्ये, वाजला की सगळी लेन बाहेर, आणि कोणीतरी ११२ फिरवतो. दोनदा वाजलाय, एकदा मांजर होतं आणि एकदा सासऱ्यांनी पंख्याचं बटण समजून दाबलं. पण वहिनी, तुमची आई, तुमचे वडील, तिघांपैकी कोणीही ते दाबू शकतं, लायसन लागत नाही.

आज शिफ्टला निघायच्या आधी मागच्या बाजूला जाऊन ग्रिलचे स्क्रू आतून आहेत की बाहेरून तेवढं बघा आणि इथे कळवा. बाहेरून असतील तर उद्या सकाळी फॅब्रिकेटरला बोलवा, रिव्हॉल्व्हरचं नंतर बघू.