शाल नको, नाइट दे

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला. लगेच उत्तर दिलं असतं तर चार शब्द जास्त गेले असते म्हणून एक दिवस जाऊ दिला. बाबांचा ऑर्केस्ट्रा, ज्यात मी अ‍ॅकॉर्डियन वाजवायचो, पुन्हा एकदा स्टेजवर आणायचा आणि जमलेले पैसे परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर दिवस काढणाऱ्या पेशंटांच्या घरच्यांसाठी द्यायचे, यावर मी तुला काय सांगणार, चांगलंच आहे, कर. पण पुढे जे लिहिलंयस ना, की "काका, ढोलकीवाल्यांनी पहिल्याच फोनवर नाइट किती ते विचारलं, मला कसंतरीच झालं, चॅरिटीत पण पैसे?" ते वाचून मला कसंतरीच झालं. ट्रस्टवाले म्हणतात कलाकारांनी सेवा म्हणून वाजवावं, वादक म्हणतात नाइट, म्हणजे एका कार्यक्रमाचं मानधन, द्या, आणि तू मधल्या मधे.

मधे वगैरे काही नाही. नाइट द्यायची.

नाइट म्हणजे काय हे तुला सांगायला नको, तुझी शाळेची फी बाबांच्या नाइटवरच भरली गेलीये. बाबा गायचे, पहिल्या रांगेत उभे असायचे, त्यांना टाळ्या मिळायच्या, फोटो निघायचे. मागे काळोखात बसलेल्या ट्रिपलवाल्या तालवादकाला काय मिळायचं? नाइट. बस्. ती पण काढून घेतलीस तर त्याने कशासाठी यायचं, शालीसाठी? प्रत्येकाच्या कपाटात डझनभर शाली पडल्यात, त्यातली एक पण थंडीत अंगावर घ्यायच्या लायकीची नाही.

जरा हिशोब बघ तुझा. हॉलवाला भाडं सोडतो का? डिपॉझिटसुद्धा सोडत नाही. साउंडवाला मॉनिटर सेवा म्हणून आणतो का? लाइटवाला, बॅनरवाला, इंटर्व्हलला वडे-चहा देणारा, सगळ्यांचे कोटेशन तू निमूट मान्य केलेत, जीएसटीसकट. आणि ज्यांच्यासाठी लोक तिकीट काढून येणार त्यांच्या पुढ्यात मात्र शून्य. लग्नात अख्खी पंगत वाढणाऱ्यालाच उपाशी घरी पाठवण्यातला प्रकार आहे हा, आणि वर त्याने हसतमुखाने जावं अशी अपेक्षा.

आता तू म्हणशील काका, बांगलादेशच्या निर्वासितांसाठी तो कॉन्सर्ट झाला तेव्हा कोणी पैसे घेतले होते. हे मला प्रत्येक ट्रस्टी ऐकवतो म्हणून आधीच सांगतो. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन, एका दिवसात दोन शो. वाजवलं फुकट, बरोबर. पण ते कोण होते बघ ना, त्यांची रॉयल्टी झोपेतसुद्धा चालू असते. आपला ढोलकीवाला नालासोपाऱ्याहून येतो, त्याला कुठली रॉयल्टी येते? आणि त्या कार्यक्रमातलं शिकायचंच असेल तर दुसरं शीक, की युनिसेफच्या नावाने आधीच नीट नोंदणी केली नव्हती म्हणून अमेरिकेच्या कर खात्यात मोठी रक्कम वर्षानुवर्षं अडकून पडली. मन मोठं होतं, कागद कच्चे होते.

तर कागदांचं उरकून घेतो. ट्रस्ट रजिस्टर्ड आहे ना, मग पावती ट्रस्टच्याच नावाने फाड, तू किंवा तुझ्या मित्रांच्या ग्रुपने स्वतःच्या नावावर पैसे गोळा करायला जाऊ नकोस, त्याला धर्मादाय आयुक्तांकडे कलम ४१ क खाली परवानगीला जावं लागतं, गणपती मंडळं जातात तसं. देणगी दोन हजारांवर रोख घेतलीस तर देणाऱ्याला करसवलतीचा फायदा नाही, म्हणून चेक नाहीतर यूपीआय. तिकीट पाचशेच्या वर ठेवलंस तर जीएसटीची भानगड. आणि चॅरिटी आहे म्हणून गाणी वाजवायचं लायसन्स माफ होत नाही, तिकीट लावलं की आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था, आलीच. हे सगळं भरताना तुला कसंतरी झालं नाही. नाइट विचारल्यावर झालं.

मी असा का झालो ते सांगतो, म्हणजे उद्या कोणी तुला म्हटलं की तो म्हातारा पैशासाठी हपापलेला आहे (म्हणतात, मला माहितीये कोण म्हणतं), तर तुला खरं माहीत असावं.

आमचा पहिला ढोलकीवाला, तू त्याला पाहिलेलं नाहीस. दिवसा मिल, रात्री ऑर्केस्ट्रा. तेव्हा लालबाग-परळ-गिरगावातले अर्धे वादक असेच होते, कोणी मिलमध्ये, कोणी बेस्टमध्ये, कोणी पोस्टात. १८ जानेवारी १९८२ ला कापड मिलचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, तो संप रीतसर कधी मिटलाच नाही, आणि याची नोकरी गेली ती गेलीच. मग उरली फक्त नाइट. पण हात असा गोड की एरियात कुठलाही मदतनिधीचा कार्यक्रम असला की पहिला फोन त्याला, आणि नाही म्हणायचं कसं, शाळेसाठी आहे, पूरग्रस्तांसाठी आहे, कोणाच्या ऑपरेशनसाठी आहे. गणपतीच्या दिवसात चार पैसे मिळायचे ते अशा फुकटच्या कार्यक्रमांना जायला टॅक्सीत घालायचा, कारण ढोलकी, ढोलक आणि साइडच्या किरकोळ तालवाद्यांची खोकी घेऊन गर्दीत चढणार कुठे. पुढे किडनी गेली. डायलिसिस. घरात शिल्लक म्हणून काही नाही. आणि मग आम्ही काय केलं, तर त्याच्यासाठी मदतनिधीचा कार्यक्रम! जो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या मदतनिधीत फुकट वाजवत आला त्याच्यासाठी. मला त्या दिवशी हसावं की रडावं कळत नव्हतं.

ऑर्केस्ट्रा फुटून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, एक बदलापूरला गेलेला, एकाने वाद्य विकून रिक्षा घेतलेली. तरी सगळे आले. आणि आयोजक तेच म्हणाले जे तुझे ट्रस्टवाले म्हणतायत, मित्रासाठी आहे, पैसे कसले. मी म्हटलं नाही, प्रत्येकाचं पाकीट होणार, नाव लिहून, आणि ते कार्यक्रमाच्या आधी हातात जाणार. मेकअप रूमच्या दारात एक पत्र्याचा डबा ठेवला, वर मदतनिधी लिहिलं, आणि सांगितलं की ज्याला द्यायचंय त्याने आपल्या हाताने यात टाकावं, नाही टाकलं तरी कोणी विचारणार नाही.

बहुतेकांनी टाकलं. दोघांनी नाही टाकलं. त्यातल्या एकाच्या मुलीची अ‍ॅडमिशन होती हे मला नंतर दुसऱ्याच कोणाकडून कळलं. मुद्दा हाच आहे गं, दान त्याने करायचंय. तू परस्पर कापून घेतलंस तर ते त्याचं दान नाही, तुझी वसुली आहे. आधी पैसे त्याच्या हातात जाऊ देत, मग तो राजा.

आणि हो, एकजण चिडला. ट्रंपेटवाले अंकल. पाकीट माझ्या अ‍ॅकॉर्डियनच्या पेटीवर आपटलं आणि म्हणाले, मित्राच्या आजारपणाचे पैसे मला देतोस? सगळ्यांसमोर. वाजवलं मात्र असं त्या रात्री, पहिल्याच पीसला, गाण्यातल्या वाद्यांच्या तुकड्याला, हॉल उभा राहिला. पण ते माझ्याशी त्यानंतर बोलले नाहीत, आजतागायत. गेली इतकी वर्षं हे मनात सलतं, रोज नाही पण सलतं, वांद्र्याला एकदा समोरून आले आणि रस्ता ओलांडून गेले. तरी मी म्हणतो माझं बरोबर होतं. डबा दोन पावलांवर होता, टाकायचं होतं त्यात. अपमान करायला मी ते पाकीट दिलं नव्हतं. ज्याला गरज नाही त्याच्या अभिमानासाठी ज्याला गरज आहे त्याला सगळ्यांसमोर हात पसरायला लावायचं का? सगळ्यांना दिलं म्हणून ज्याला हवं होतं त्याला मागावं लागलं नाही. हे मी त्यांना सांगणार होतो, त्यांनी ऐकून घेतलं नाही. असो.

तुझ्या प्रॅक्टिकल प्रश्नांकडे येतो. पैसे कुठून आणायचे. सोपं आहे, दोन खाती वेगळी कर. स्पॉन्सरला सरळ तोंडावर सांग की तुमच्या पैशातून हॉल, साउंड आणि वादकांचं मानधन जाणार, आणि तिकिटाचा रुपया न रुपया पेशंटांच्या घरच्यांना. लपवू नकोस. खर्चाच्या कागदावर वादकांचं मानधन पहिल्या ओळीत लिही, शेवटी "इतर" मध्ये कोंबू नकोस. एखादा स्पॉन्सर नाक मुरडेल, त्याला जाऊ दे. आणि बजेट बसतच नसेल तर बारा जणांना फुकट बोलावण्यापेक्षा सात जणांना नाइट देऊन बोलव. व्हायोलिनच्या जागी मायनस ट्रॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेली साथ, लावायचं म्हणतेस ते अजिबात नको. लोक तिकीट काढून म्हाताऱ्यांना बघायला येणार आणि वाजणार लॅपटॉप? मग घरी बसून यूट्यूब लावावं. तसंही ऑर्केस्ट्रा कशाने मेले, एका कीबोर्डात अख्खा स्ट्रिंग सेक्शन आला, आणि २००० सालच्या नियमाने उघड्यावर रात्री दहाला भोंगे बंद झाले, गणपतीतले रात्रभरचे कार्यक्रम गेले. त्यात आपण आपल्या हाताने भर घालायची?

रिहर्सलचे पण पैसे द्यायचे. इथे सगळे फसतात. नाइट देतात आणि रिहर्सल फुकटात धरतात. तुला वाटतं जुनी गाणी आहेत, पाठ असतील, एक बैठक पुरे. अगं बोटांना पाठ आहेत पण बोटंच ती राहिली नाहीत. बाबा तेव्हा काळी चारला गायचे, आता दोन पट्ट्या तरी खाली येतील, कीबोर्डवाल्याला ट्रान्सपोजचं बटण आहे, मला आणि ट्रंपेटला नाही, आम्हाला सगळे पीस नव्याने बोटात बसवावे लागणार. ट्रंपेटवाल्या अंकलना कवळी लागलीये असं ऐकलं. ट्रंपेटचा सगळा खेळ ओठ आणि त्यांच्या मागच्या दातांवर, नवीन कवळीवर माउथपीस टेकवला की वरच्या सुराला हवा निसटते, ते परत जमवायला महिने जातात, रोज थोडं थोडं. हे महिने कोणाच्या हिशोबात आहेत?

माझंच घे. अ‍ॅकॉर्डियन काल खाली काढलं. आतल्या सुरांच्या पट्ट्या मेणाने बसवलेल्या असतात आणि स्टीलच्या असतात, आपल्या मुंबईत मे महिन्यात मेण मऊ पडतं आणि पावसाळ्यात पट्टीला गंज धरतो. भाता ओढला तर उजव्या हाताकडचे तीन सूर मुके आणि एक खरखरतोय. ते दुरुस्त करणारी माणसं आता शोधावी लागतात, आणि तो पण सेवा म्हणून करत नाही, बरं का. आमच्या तरुणपणी केरसी लॉर्ड, गुडी सीरवाई यांचं सिनेमाच्या गाण्यांतलं अ‍ॅकॉर्डियन रेडिओवर ऐकून ऐकून आम्ही बोटं बसवली, घराघरात त्यांचे पीस वाजले आणि रेकॉर्डच्या कव्हरवर त्यांचं नाव शोधायला गेलं तर सापडायचं नाही. वादकाचं नाव छापत नाहीत हे मी कधीच मान्य करून टाकलंय. पैसे पण नाहीत हे मान्य करणार नाही.

येण्याजाण्याचं वेगळं धर. कोणीच आता गिरगावात राहत नाही, विरार, डोंबिवली, बदलापूर. सत्तरीच्या माणसाला काँगो घेऊन लगेजच्या डब्यात चढ म्हणून सांगायचं नाही. टॅक्सी सांगायची, घरापासून घरापर्यंत, आणि कार्यक्रम संपल्यावर सेल्फी काढून झाले की त्यांची त्यांनी शोधावी असं नाही, तू उभं राहून बसवून द्यायचंस.

आणि एक, ढोलकीवाल्यांना आजच फोन कर. पहिलं वाक्य नाइट किती तेच असू दे. माफी वगैरे नको, त्यांना तसलं आवडत नाही, आकडा सांग आणि तारीख सांग. ते कमी करतो म्हणाले तर म्हण, तुम्ही कमी करू नका काका, कार्यक्रमाला डबा ठेवणार आहे.

ट्रस्टवाल्यांनी जास्तच ताणलं तर माझं नाव पुढे कर, सांग तो हट्टी आहे, त्याच्याशिवाय बाकीचे येणार नाहीत. अर्धं खोटं आहे पण चालेल.

रविवारी खर्चाचा कागद घेऊन ये, माझ्या समोर बसून पहिली ओळ लिही. माझं पाकीट पण त्यात धर, मी घेणार आहे, मेण आणि पट्ट्यांचा खर्च त्यातूनच निघायचाय. आणि ट्रंपेटवाल्या अंकलना तूच फोन कर. नंबर बाबांकडे आहे. मी सांगितलं म्हणून करतेय असं म्हणू नकोस, पण पाकीट त्यांचं पण काढायचंच, फेकलं तर फेकलं.