गोळ्या बंद करू का?

प्रश्न : मी नागपुरात चार घरी स्वयंपाक करते. हातावर बधिर चट्टे आले म्हणून सरकारी दवाखान्यात दाखवले, तर कुष्ठरोग निघाला. बारा महिन्यांच्या गोळ्यांपैकी चार महिन्यांच्या झाल्या. त्यांनी अंग काळवंडले, लोक विचारू लागले आणि दोन घरची कामे सुटली. नवरा माहेरी जा म्हणतो. मुलीचे लग्न व्हायचे आहे. गोळ्या बंद करू का?

उत्तर : ताई, गोळ्या बंद करू नका. हा काळसरपणा रोगाचा नसून क्लोफाझिमिन या औषधाचा आहे आणि उपचार संपल्यावर तो काही महिन्यांत हळूहळू उतरतो. औषध अर्धवट सोडले तर मात्र नसांची इजा वाढत जाऊ शकते, आणि वाकलेली बोटे पदराखाली किती दिवस झाकणार?

तुमचे पोट हातांवर आहे, म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर लिहिते. या रोगात बोटे झडतात असे लोक समजतात, पण त्यामागे बहुधा बधिरपणामुळे न कळलेले चटके आणि चिघळलेल्या जखमा असतात. कढई सांडशीनेच धरा, पोळी बोटांनी न उलटता उलथन्याने उलटा, रोज रात्री दोन्ही हात उजेडात नीट पाहा, थोडा वेळ साध्या पाण्यात भिजवा आणि ओलसर असतानाच तेल लावा. चट्टे अचानक लाल होऊन सुजले, कोपराजवळची नस दुखू लागली किंवा करंगळीतला जोर कमी झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा, कारण वेळेत औषध मिळाले तर गेलेली ताकद बरीचशी परत येऊ शकते. त्या दिवसाचे पैसे कापले जातील हे मला कळते, तरीही जा.

उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत संसर्गाचा धोका संपतो, त्यामुळे उरलेल्या दोन घरी काम करताना तुम्ही कोणालाही फसवत नाही. कोणी विचारलेच, तर औषधाने रंग बदलला आहे एवढे खरे उत्तर पुरेसे आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला 1936 पासून आणि पुढे वरोऱ्याला आनंदवनात ज्या विदर्भाने या रुग्णांची सेवा पाहिली, तिथेच आज स्वयंपाकीणबाईंचे काम सुटावे, याचे मला फार दुःख होते.

कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून 2019 मध्ये काढून टाकले आहे, हे पतींना शांतपणे सांगा. मुलीच्या लग्नाबाबत माझ्याकडे सोपे उत्तर नाही. हा रोग आनुवंशिक नाही, पण सोयरिकीला येणारी माणसे ते ऐकतीलच असे नाही. मात्र पुढच्या तारखेला तिला आणि पतींना सोबत न्या. घरच्यांची तपासणी मोफत होते, संसर्ग टाळण्यासाठी रिफाम्पिसिनचा एकच डोस देता येतो, आणि तुमच्या तोंडून जे पतींना पटत नाही, ते डॉक्टरांकडून ऐकले तर कदाचित पटेल.