सांगली सोडू का चित्रं सोडू?

या वेळचं पत्र आपल्या सांगलीचंच आहे, सात पानी, त्यातली दोन पानं तर नुसत्या रागाची. सगळं छापत नाही, थोडक्यात सांगते. लिहिणारी 37 वर्षांची, जीडी आर्ट (चित्रकलेचा सरकारी डिप्लोमा) झालेली, घरी एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे क्लास घेते, नवरा बँकेत, मुलगा सहावीत. डिसेंबर आला म्हणून डायरी काढून वर्षाचा हिशोब मांडला आणि मांडता मांडता रडायला आलं म्हणते. ग्रुप शोला 2,500 रुपये भरले, पाहुणे दीड तास उशिरा, मग भाषणं, शाल-श्रीफळ, फोटो, आणि पाहुणे एकही चित्र न बघता गाडीत बसले. अभिप्रायाच्या वहीत पानोपानी 'अप्रतिम'. किंमत विचारणारा तीन दिवसांत एकच आला आणि तोसुद्धा फ्रेमची विचारत होता. ती 2019 च्या पुरावर एक मालिका करतेय, भिंतींवर राहिलेल्या पाण्याच्या खुणांची, त्यावर सगळ्यांचं एकच, हे घरात कोण लावणार. त्यातलंच एक चित्र एका संस्थेनं न विचारता नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर छापलं, जाब विचारला तर 'तुमचंच नाव होतंय की मॅडम', आणि खाली नाव तर छापलंच नव्हतं. वर्षभरात पुरी झालेली चित्रं चार. पुण्याची मैत्रीण म्हणते तिथं कुजू नकोस, इकडे ये. आणि शेवटची ओळ, 'मावशी, सांगली सोडू का चित्रं सोडू?'

अगं, वाचताना दोनदा हसले, माफ कर. एकदा त्या फ्रेमवाल्यावर आणि एकदा त्या 'नाव होतंय' वर. मी 31 वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं, त्यात गॅदरिंगचे पडदे, पाहुण्यांच्या स्वागताच्या रांगोळ्या, संस्थेच्या साहेबांच्या वाढदिवसाची ग्रीटिंगं, सगळं फुकटात केलंय आणि दर वेळी कुणीतरी म्हणालंय, बाईंचा हात काय चालतो! कौतुकाला पैसे पडत नाहीत ना.

पण हसून झाल्यावर पत्र परत वाचलं तेव्हा लक्षात आलं की तू चार वेगवेगळी भांडणं एकाच पिशवीत कोंबलीयस आणि पिशवीवर 'सांगली' असं लिहिलंयस. म्हणून ती उचलवत नाहीये तुला.

ग्रुप शोचं आधी उरकते कारण त्यात फार काही नाही. पुढच्या वर्षी पैसे भरू नकोस, झालं. ज्या प्रदर्शनात मंडपवाल्याला, हारवाल्याला, फोटोग्राफरला पैसे मिळतात आणि चित्रकाराकडून घेतले जातात ते प्रदर्शन नाही, तो सत्कार समारंभ आहे आणि तुझी चित्रं त्याची डेकोरेशन. 'तेच ते चार लोक सगळीकडे' असं लिहिलंयस, खरंय, पण तू त्या कमिटीत गेलीस की वर्षभरात पाचवी होशील, मी झाले होते, म्हणून सांगते.

आता पुराचं. इथे मात्र मी तुझ्या बाजूची नाही.

तू लिहितेस, 'या गावाला कला कळत नाही, गणपती आणि गुलाबाची फुलं काढली तरच घेतात.' माझं घर गावभागात आहे. 2005 ला पाणी आलं तेव्हा आम्हाला वाटलं होतं यापेक्षा जास्त येत नसतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पातळी 57 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 45, म्हणजे बघ. रात्री शेजारचा मुलगा दार वाजवून गेला, काकू वर चला, आणि मी काय उचललं सांगू का, गॅसचा सिलिंडर, तांदळाचा डबा, मिक्सर, ह्यांची औषधं, बँकेची पासबुकं. खाली कपाटाच्या तळाशी माझा पोर्टफोलिओ होता, कॉलेजपासूनची जलरंगातली चित्रं, चाळीसेक असतील. तो आठवला तेव्हा जिन्याच्या सहाव्या पायरीवर पाणी होतं. आठ-दहा दिवसांनी उघडला तर कागदांचा एकच गठ्ठा झालेला, चिखलाचा वास, आणि रंग सगळे एकमेकांत गेलेले. सुनेनं विचारलं टाकू का, मी म्हणाले टाक. जिन्याच्या भिंतीवर अजून खूण आहे, दोनदा रंग काढला तरी पावसाळ्यात ओल धरली की दिसते.

तर मला सांग, तुझं चित्र मी हॉलमध्ये लावीन का? नाही लावणार. पण ते मला कळलं नाही म्हणून नव्हे गं, फार कळलं म्हणून. तुझ्या त्या प्रदर्शनाला मी आले होते, तू ओळखलं नाहीस. तुझ्या चित्रात खुणेच्या खालचा भाग जो आहे ना, चॉकलेटी पण नाही आणि राखाडी पण नाही असा, तो बघून माझ्या नाकात तो वास आला. मीसुद्धा वहीत 'अप्रतिम' लिहून निघून आले. दुसरं काय लिहिणार, उभी राहिले असते तर रडले असते आणि मागे सूत्रसंचालन चाललेलं. तू पानोपानी जे 'अप्रतिम' मोजतेयस त्यातले काही तरी असेच असणार की.

म्हणून माझं म्हणणं असं की ही चित्रं हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली लावायचीच नाहीत, आणि विकायलाही काढायची नाहीत, निदान सांगलीत तरी. गावभागात, खणभागात जुने वाडे आहेत, कुणाचा तरी तळमजला रिकामा असतोच, मे महिन्यात आठ दिवस मागून घे. भिंतीवर खरी खूण असेल तिथेच, खुणेच्या रेषेला रेषा लावून चित्र टांग. पाहुणे नकोत, फीत नको, अभिप्रायाची वही तर मुळीच नको, एक चटई आणि थर्मासमध्ये चहा ठेव. लोक बोलतील बघ. माझ्या ओळखीत एक आजोबा आहेत ते कुठल्या साली कितव्या पायरीला पाणी होतं ते पाठ सांगतात, त्यांना मी स्वतः रिक्षात घालून आणते. त्यातून एक रुपया मिळणार नाही हे आधीच सांगते, मागनं तक्रार नको. पण गावाला कळत नाही हे वाक्य तरी परत लिहायची नाहीस.

(आणि पाण्याचाच विषय आहे तर हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती, 2005 च्या पुरात बरीच गेली, ती तू काढलीयस का कधी? नसशील तर जा, संगमाकडे जाताना कुणालाही विचार, दाखवतात.)

मग पैसे कुठून, हा तुझ्या नवऱ्याचा प्रश्न, आणि त्याच्यावर तू जे पान खर्ची घातलंस ते मला जरा जास्त वाटलं. रंग, कॅनव्हास, फ्रेम यांचा खर्च दर महिन्याला त्याच्या पगारातून जात असेल तर तो विचारणारच. क्लासच्या फीमधून रंगाचे पैसे वेगळे काढ, वेगळी वही कर, त्याला दाखव आणि विषय संपव. बँकेतल्या माणसाला वही दाखवली की निम्मा गप्प होतो.

विकायचं म्हणशील तर मिरजेला जाऊन ये. लांब नाही, दर्ग्याजवळ सतारमेकरांची गल्ली. तिथे शिकलगारांची घराणी, पूर्वी हत्यारांचं काम करणारी, संस्थानं आणि तलवारी मागे पडल्या तशी तंतुवाद्यांकडे वळली. तानपुऱ्याचा भोपळा पंढरपूरकडचा, सुकवायचा, कापायचा, लाकडाला जोडायचा, जवारी लावायची, सगळं त्या दहा बाय दहाच्या दुकानात. 2024 ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. आता मला सांग, मिरजेत रोज उठून तानपुरा विकत घेणारी माणसं राहतात का? गिऱ्हाईक पुण्याचं, मुंबईचं, परदेशातलं. बसायचं मिरजेत आणि विकायचं बाहेर, यात त्यांना काही अपमान वाटत नाही. तुलाच का वाटतो की शेजारच्या काकूंनी चित्र घेतलं नाही म्हणजे गाव वाया गेलं?

आणि हे काही आजचं नाही. नाट्यपंढरी नाट्यपंढरी म्हणून आपण 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, मिरवतो, पण विष्णुदास भाव्यांनी 1843 ला सीतास्वयंवर नाटक केलं ते सांगलीचे राजे आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयावर. 1851 ला आप्पासाहेब गेले, आश्रय संपला. मग भावे मंडळी घेऊन गावोगाव फिरले आणि 1853 ला मुंबईत तिकीट लावून खेळ केले. तिकीट लावलं, हे लक्षात घे. तू अजून राजाची वाट बघतेयस आणि राजा म्हणून जो येतोय तो दीड तास उशिरा येऊन शाल घेऊन जातोय.

बाहेर म्हणजे पुण्यालाच राहायला गेलं पाहिजे असं नाही. मैत्रिणीला विचार की भाड्याला किती जातात आणि चित्रं किती होतात, खरं सांगितलं तर ऐकण्यासारखं असेल. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीच्या तारखेला पुण्या-मुंबईचेसुद्धा वर्षानुवर्षं थांबतात, तू सांगलीतून अर्ज केलास तरी रांग तीच. राज्य कला प्रदर्शनाला एंट्री पाठव, दर वर्षी पाठव, नाही घेतलं तर परत पाठव. खासगी गॅलऱ्या विक्रीवर 30 ते 50 टक्के घेतात, ते धरून किंमत ठरव, आणि एकदा ठरवली की सांगलीत वेगळी आणि पुण्यात वेगळी सांगू नकोस, कळतं लोकांना.

आता ते चार चित्रांचं. यावर तू पत्रात दीडच ओळ लिहिलीयस, म्हणून मला वाटतं खरं दुखणं तिथे आहे. डायरीतला तुझाच हिशोब बघ, 11 उद्घाटनं, दोन कमिट्यांच्या मीटिंगा, व्हॉट्सॲप ग्रुपवरची ती सहा दिवसांची मारामारी कुणाचं चित्र निमंत्रणपत्रिकेवर घ्यायचं म्हणून, आणि चित्रं चार. ह्याला सांगली काय करणार? तुला कुणी उद्घाटनाला ओढून नेलं नव्हतं. माझंही असंच गेलं, रविवार रविवार करत, शाळेचं निमित्त, घराचं निमित्त, मग पूर आला आणि ते एक कायमचं निमित्त मिळालं. 2019 नंतर मी ब्रश धरलेला नाही. त्यामुळे रोज पहाटे उठून काढ वगैरे सांगायचा मला अधिकार नाही, आणि तू ऐकणारही नाहीस.

एवढंच विचारते, या वर्षात तू चित्रं किती बघितलीस? मोबाइलवरची धरू नकोस. जानेवारीत एक दिवस क्लासला सुट्टी दे आणि औंधला जा, पुण्यातलं नव्हे, सातारा जिल्ह्यातलं. यमाईच्या डोंगरावर भवानी संग्रहालय आहे, औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी 1938 ला उभारलेलं, राजा स्वतः चित्रं काढायचा. एवढ्याशा गावात रविवर्म्याची, धुरंधरांची चित्रं आहेत आणि इंग्लंडच्या हेन्री मूरचं एक दगडी शिल्पसुद्धा आहे, आई आणि मूल. गर्दी नसलेल्या दिवशी गेलीस तर एकेका चित्रासमोर पाहिजे तेवढा वेळ एकटीनं उभं राहायला मिळतं, तेही कुणाचं भाषण न ऐकता. येताना पलूसकडून आलीस तर किर्लोस्करवाडी लागेल. ती वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईला जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलाच शिकायला गेले होते, काही रंग ओळखू येत नाहीत म्हणून ती सोडून यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. चित्रं सोडायचीच असतील तर असं काहीतरी ठोस कारण शोध, कमिटीवर रुसून नको.

राहिलं कॅलेंडर. हे मात्र लगेच कर, जानेवारी उजाडायच्या आत. तू ते चित्र स्वतःच्या मनानं काढलंस, कुणी ऑर्डर दिली नव्हती, आणि फोटो दिला होतास तो निमंत्रणपत्रिकेपुरता. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे, त्याप्रमाणे छापायचा हक्क तुझा, नाव यायला पाहिजे हाही हक्क तुझा, कुठे रजिस्टर केलेलं नसलं तरी चालतं. मूळ चित्र विकलं तरी छापायचा हक्क आपोआप त्यासोबत जात नाही, तो लिहूनच द्यावा लागतो. फक्त कुणी पैसे देऊन ऑर्डरचं चित्र काढून घेतलं तर उलटं असतं, तिथे वेगळं ठरलं नसेल तर हक्क ऑर्डर देणाऱ्याचा धरतात, म्हणून पुढे ऑर्डर घेशील तेव्हा बिलावरच एक ओळ लिहीत जा की छपाईचे हक्क चित्रकाराकडे.

पत्र साधं लिही, 'मॅडम'पणा सोडून. अमुक चित्र माझं, परवानगी घेतली नाही, नाव छापलं नाही, छपाईचे इतके रुपये, पंधरा दिवसांत द्यावेत, उरलेल्या प्रतींवर नावाची पट्टी चिकटवावी. सोबत चित्राचा फोटो, कॅलेंडरचा फोटो, बिल. स्पीड पोस्टानं पाठव आणि पोचपावती जपून ठेव. ते फोन करतील, 'अहो आपली माणसं, बसून बोलू', बसू नकोस. पैसे दिलेच नाहीत तर वकिलाची नोटीस, त्याला किती लागतात ते आधी विचारून घे, नाहीतर कॅलेंडरपेक्षा नोटीस महाग व्हायची.

आणि त्यांनी पैसे दिले तर एक कॅलेंडर माझ्यासाठी आण, नावाची पट्टी लावलेलं. हॉलमध्ये नाही, जिन्यात लावते, बाराच महिने तर आहेत.