बीएएफ की बीएफएम? आधी गणिताचं बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बारावी कॉमर्स, ८४ टक्के, गणिताऐवजी एस.पी. (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतलेलं. घर डोंबिवलीला. ठाण्यात बीएएफ (अकाउंटिंग अँड फायनान्स) मिळतंय, चर्चगेटला बीएफएम (फायनान्शियल मार्केट्स). काका म्हणतात सीए कर, मैत्रीण सीएफएचं (गुंतवणूक विश्लेषणाच्या अमेरिकी परीक्षेचं) नाव घेते आणि तुला स्वतःला 'शेअर मार्केट आवडतं'. शिवाय लॅपटॉप आत्ताच घ्यावा का, हेही विचारलंयस.

मी एका बँकेत कंपन्यांच्या कर्जाचे प्रस्ताव तपासतो आणि अधूनमधून नवीन मुलांच्या मुलाखतींना बसतो. तिथे डिग्रीच्या नावावर कुणी अडत नाही. बीएएफ काय, बीएफएम काय, दोन्ही मुळात बीकॉमच. बीएएफमध्ये अकाउंट्स, कॉस्टिंग, ऑडिट, टॅक्स यांचा भरणा जास्त. बीएफएममध्ये इक्विटी (शेअर), डेट (रोखे, म्हणजे कर्जाचे कागद), डेरिव्हेटिव्हज (फ्युचर्स, ऑप्शन्ससारखे सौदे), फॉरेक्स (परकीय चलन). सीएचा विचार दहा टक्के जरी मनात असेल तर बीएएफ घे, कारण तोच अभ्यास दोनदा कामाला येतो. नसेल तर बीएफएम चालेल. निवडीपुरतं एवढं पुरे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे मेजर-मायनर आलंय, तीन वर्षांनी बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. ते तिसऱ्या वर्षी बघ.

खरी अडचण तू कंसात लिहून मोकळी झालीस: गणित सोडलंय. पोरं एस.पी. घेतात कारण मार्क पडतात, त्यात चूक काही नाही. पण फायनान्स म्हणजे आजचे पैसे आणि उद्याचे पैसे यांची तुलना, आणि ती तुलना गणितातच होते. सूत्रं पाठ करून सेमिस्टर निघेल, केटीही (नापास विषयाची फेरपरीक्षा) लागणार नाही. पुढे मात्र कुणी एवढंच विचारलं, की व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांचा भाव का पडतो, तर फेफे उडते.

हेच उदाहरण घे. १०० रुपयांचा, दहा वर्षांचा, वर्षाला ७ टक्के व्याज देणारा रोखा. उद्या बाजारात तसाच नवीन रोखा ८ टक्के द्यायला लागला तर तुझा जुना कोण १०० ला घेईल? दरवर्षीचे ७ रुपये आणि शेवटचे १०० हे सगळं ८ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणलं की उत्तर येतं साधारण ९३ रुपये २९ पैसे. हे एकदा हाताने केलंस की पुस्तकातला निम्मा डेट मार्केटचा पेपर आपोआप उलगडतो.

दुसरं घरातलं. डोंबिवलीत फ्लॅट घेतलेला कुणीतरी नातेवाईक असेलच. ५० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता येतो ४३,३९१ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले ३५,४१७ नुसते व्याजाचे आणि मुद्दलात जातात फक्त ७,९७४. एक्सेलमध्ये २४० ओळींचा तक्ता स्वतः मांड: शिल्लक, व्याज, मुद्दल, नवी शिल्लक. मुद्दल निम्मं फिटायला १६६ वा हप्ता उजाडतो, म्हणजे जवळजवळ चौदा वर्षं. मग पाचव्या वर्षी दोन लाख जादा भरले तर काय होतं ते टाकून बघ. तयार कॅल्क्युलेटर वापरू नकोस, त्यात शिकायला काही उरत नाही.

गणितासाठी क्लास लावू नकोस. बालभारतीची अकरावी-बारावी वाणिज्य शाखेची गणिताची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. बारावीच्या दुसऱ्या भागात विमा आणि अ‍ॅन्युइटी (ठरावीक काळाने येणाऱ्या सारख्या रकमा), रिग्रेशन, प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्यूशन हे सगळं आहे. पहिल्या भागातलं डेरिव्हेटिव्ह (कॅल्क्युलसमधलं, बाजारातलं नव्हे) थोडं कर. कॉलेज सुरू व्हायच्या आत अ‍ॅन्युइटी आणि प्रोबॅबिलिटी झाली तरी एफवायला (पहिल्या वर्षाला) तू वर्गात पुढे असशील. सीएच्या फाउंडेशनलाही (पहिल्या पायरीच्या परीक्षेला) चार पेपरांपैकी एक क्वांटिटेटिव्ह अ‍ॅप्टिट्यूडचा आहेच, तिथेही सुटका नाही.

आता काकांचं सीए. फाउंडेशनची घाई करायलाच हवी असं नाही. बीकॉमला ५५ टक्के असतील तर पदवीनंतर थेट इंटरमिजिएटला (दुसऱ्या पायरीला) बसता येतं. २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिपही (सीएच्या हाताखालची उमेदवारी) तीनची दोन वर्षं झाली. ज्यांना ऑडिट-टॅक्समध्ये खरंच रस आहे त्यांच्यासाठी सीएइतकं वजन भारतात दुसऱ्या कशाला नाही, हे मी नॉन-सीए असूनही सांगतो. पण 'बघू, जमलं तर' म्हणून सीए होत नाही. मैत्रिणीच्या सीएफएचं म्हणशील, तर लेव्हल वन पदवी संपायच्या २३ महिने आधीपासून देता येते. म्हणजे एफवायला त्याचा विचारच नको. फी डॉलरमध्ये आहे, हे घरी आधी सांग.

शेअर मार्केटचं जरा कडक बोलतो. आवडतं म्हणजे नक्की काय आवडतं? कंपन्या वाचायला आवडत असतील तर उत्तम. टेलिग्रामवरचे ऑप्शनचे कॉल (टिप्स) आवडत असतील, तर सेबीचा (शेअर बाजाराच्या नियामकाचा) सप्टेंबर २०२४ चा अहवाल उघड: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स) करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. वर्गात कुणीतरी नफ्याचा स्क्रीनशॉट दाखवणारच. तोट्याचा कुणी दाखवत नाही. डेरिव्हेटिव्हज समजून घ्यायचे असतील तर एनआयएसएमची (सेबीच्या शिक्षणसंस्थेची) सिरीज आठ ही परीक्षा दे. स्वस्त आहे आणि सीव्हीवर दिसते. मात्र प्रमाणपत्र तीन वर्षंच चालतं, म्हणून टीवायला (तिसऱ्या वर्षाला) दे.

त्यापेक्षा वार्षिक अहवाल वाच. रोज वापरतेस अशा कुठल्याही सूचिबद्ध कंपनीचा, त्यांच्या साइटवर फुकट मिळतो. सुरुवात अध्यक्षांच्या भाषणापासून करू नकोस, तो भाग सगळ्यांचा गोडच असतो. नफा-तोटा पत्रकातला नफा घे आणि कॅश फ्लोमधली धंद्यातून आलेली रोकड घे. तीन वर्षं नफा वाढतोय आणि रोकड वाढत नाही असं दिसलं, तर ताळेबंदात येणी आणि माल किती फुगलाय ते बघ. माल गेला, बिल फाटलं, नफा धरला, पैसे मात्र आलेच नाहीत. आमच्या खात्यात पहिल्या आठवड्यात नवीन माणसाला हेच शिकवतात. टीवायचं ब्लॅकबुक (प्रकल्प अहवाल) अशा एका कंपनीवर स्वतः केलंस तर मुलाखतीत अर्धा तास त्यावरच जाईल. झेरॉक्सच्या दुकानातून तयार घेतलेलं ब्लॅकबुक दोन प्रश्नांत ओळखू येतं, आणि मग पुढचं काही विचारावंसंही वाटत नाही.

कॉलेजचं: मी तुझ्या जागी असतो तर ठाणे. चर्चगेट म्हणजे सकाळची डोंबिवलीची गर्दी, दादरला बदल, येऊन-जाऊन तीन तासांवर, आणि वर ७५ टक्के अटेंडन्स. टाउनच्या (दक्षिण मुंबईच्या) कॉलेजांत फेस्ट भारी असतात आणि ओळखी होतात हे खरं, फोर्टातल्या ऑफिसांत इंटर्नशिपला जाणंही सोपं पडतं. पण सुट्टीतली इंटर्नशिप ठाण्याच्या मुलीलाही मिळते. रोजचे वाचलेले दोन तास मात्र दुसरीकडून कुठून आणणार? तरीही चर्चगेटलाच जायचं असेल तर तिथल्या टीवायच्या दोन मुलांना गाठून विचार, शेवटच्या दोन सेमिस्टरना बाजारात काम केलेलं कुणी शिकवायला येतं का. येत असेल तर माझं मत थोडं बदलेल.

लॅपटॉप लागेल, मोबाइलवर एक्सेल नीट होत नाही. नवाच हवा असं नाही. ८ जीबी रॅमचा सेकंडहँड तीन वर्षं निघतो. गॅरंटी आणि बॅटरी बघून घे, आणि कीबोर्डवर वेगळा नंबरपॅड असलेला मिळाला तर तोच उचल.