लॅपटॉप १४ इंची घ्यावा की १५.६ इंची? रोज पाठीवर न्यायचाय आणि दिवसभर एक्सेल बघायचंय

तुम्ही लिहिलंय की रोज ने-आण आहे, सात-आठ तास एक्सेल आणि पीडीएफ, संध्याकाळी डोळे चुरचुरतात म्हणून मोठी स्क्रीन हवीशी वाटते, पण खांदा आत्ताच दुखतोय. मी याच पेचात दोनदा सापडलोय आणि दोन्ही वेळा चुकीच्या बाजूला गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी उत्तर सांगून टाकतो: १४ इंची घ्या, पण १६:१० स्क्रीनवाला (हे रुंदी आणि उंचीचं प्रमाण), आणि ज्या टेबलाशी तुमचे सगळ्यात जास्त तास जातात तिथे एक २४ इंची मॉनिटर कायमचा ठेवा. मॉनिटर ठेवायला जागाच नसेल तर उत्तर बदलतं, त्याबद्दल खाली लिहिलंय.

पहिली गोष्ट म्हणजे तो इंचाचा आकडा. तो स्क्रीनचा कर्ण असतो, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, आणि त्यावरून स्क्रीन उंच किती ते अजिबात कळत नाही. आता हे बघा, १५.६ इंची स्क्रीन बहुतेक वेळा १६:९ असते, म्हणजे ३४.५ सेंटीमीटर रुंद आणि १९.४ सेंटीमीटर उंच. आणि १४ इंची १६:१० असेल तर ती साधारण ३०.२ रुंद आणि १८.८ उंच. म्हणजे रुंदीत चार सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आहे पण उंचीत फक्त अर्धा सेंटीमीटर! पीडीएफ वाचताना, मेल वाचताना, एक्सेलच्या ओळी खाली खाली बघत जाताना कामाला येते ती उंची. मला हे गणित पहिला लॅपटॉप घेताना कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. उलट जुन्या पद्धतीचा १४ इंची १६:९ घेतलात तर उंची १७.४ वर येते आणि तो दीड सेंटीमीटर रोज जाणवतो, कारण एक्सेलचा वरचा रिबन (बटणांची पट्टी) आणि खालचा टास्कबार तेवढीच जागा खातात, मधली कामाची जागा तेवढी कमी होते. म्हणून मॉडेल बघताना रिझोल्युशन (स्क्रीनवर आडवे आणि उभे किती पिक्सेल, म्हणजे ठिपके आहेत ते) वाचा, १९२० बाय १२०० किंवा २५६० बाय १६०० लिहिलं असेल तर ती १६:१०, १९२० बाय १०८० (यालाच फुल एचडी म्हणतात) असेल तर १६:९.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नातली खरी गाठ इथेच आहे: अक्षर मोठं दिसणं आणि स्क्रीनवर जास्त मावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण दोन्हींना मिळून "मोठी स्क्रीन" म्हणतो. अक्षर तर कुठल्याही स्क्रीनवर मोठं करता येतं, सेटिंगमध्ये स्केलिंग असतं, १००, १२५, १५० टक्के. १४ इंची १९२० बाय १२०० वर १२५ टक्के ठेवलं तर अक्षर १५.६ इंची फुल एचडीच्या १०० टक्क्यांपेक्षा थोडं मोठंच दिसतं, बारीक नाही. पण मग मावतं कमी. एक्सेलचा नेहमीचा कॉलम ६४ पिक्सेलचा असतो, १९२० मध्ये साधारण तीस कॉलम बसतात, १२५ टक्के केलं की चोवीस. म्हणजे १४ इंची घेऊन तुम्ही डोळ्यांचा आराम गमावत नाही, सहा कॉलम गमावता. तुमच्या शीटमध्ये दहा-पंधरा कॉलमच असतील तर तुम्ही काहीच गमावत नाही, आणि पन्नास असतील तर १५.६ वरही आडवं सरकावं लागणारच आहे. तुमची नेहमीची शीट उघडा आणि एकदा कॉलम मोजा, खरंच मोजा.

माझं काय झालं ते सांगतो. पहिला लॅपटॉप १५.६ इंची होता, सव्वादोन किलोच्या आसपास, वर चार्जर, वर पाण्याची बाटली आणि डबा. पहिले दोन महिने हौसेने नेला, मग एका खांद्यावरची बॅग दुसऱ्या खांद्यावर, मग दोन पट्ट्यांची सॅक घेतली, आणि सहाव्या महिन्यात मी तो न्यायचाच बंद केला, कामाच्या फाइली पेनड्राइव्हवर घेऊन फिरायला लागलो. बसमध्ये मांडीवर उघडला की दोन्ही कोपरं शेजाऱ्याला लागायची आणि पुढची सीट मागे झुकली की स्क्रीन पूर्ण उघडायचीच नाही. मग कंटाळून पुढचा घेतला तो १३.३ इंची, सव्वा किलोचा, १६:९. न्यायला सुख, बॅगेत आहे की नाही तेच कळायचं नाही. पण ती स्क्रीन फक्त १६.६ सेंटीमीटर उंच, मी अक्षर बारीक ठेवून जास्त मावेल असं बघायचो आणि नकळत पुढे वाकायचो, हनुवटी पुढे, पाठ गोल. दोन वर्षांनी मान धरायला लागली. स्क्रीन लहान असल्याने डोळे बिघडतील ही भीती होती, झालं ते मानेचं. आता तिसरा आहे तो १४ इंची १६:१०, सव्वा किलोच्या थोडा वर, आणि टेबलावर मॉनिटर. या जोडीने खांदा आणि मान दोन्ही सुटली म्हणून इतकं आग्रहाने सांगतोय.

डोळे चुरचुरण्याचं कारण स्क्रीनचा आकार असेलच असं नाही. तुमच्या आत्ताच्या लॅपटॉपचं रिझोल्युशन १३६६ बाय ७६८ असेल तर १५.६ इंचावर इंचाला जेमतेम १०० पिक्सेल पडतात, अक्षरांच्या कडा फाटलेल्या दिसतात, त्याच आकाराला फुल एचडीत १४१ होतात आणि १४ इंची १९२० बाय १२०० वर १६२. हा फरक मराठी वाचताना जास्त कळतो, जोडाक्षरं आणि रफार बारीक असतात ना. शिवाय ब्राइटनेस, स्वस्त पॅनल २५० निट्सचे (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) असतात, खिडकीजवळ बसलं की डोळे बारीक करून बघावं लागतं, किमान ३०० बघा आणि जमलं तर ४००. चकचकीत काचेपेक्षा मॅट बरी, मागच्या दिव्याचं प्रतिबिंब स्क्रीनवर तितकं दिसत नाही. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यामुळे डोळे कोरडे पडतात, ते कुठल्याही इंचावर होणार, म्हणून दर २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद बघायची सवय लावून घ्या. आणि वय चाळीसच्या पुढे असेल तर आधी डोळे तपासून घ्या, मनापासून सांगतोय, माझ्या एका सहकाऱ्याने मोठा लॅपटॉप घेतला आणि शेवटी त्याला हवी होती ती चाळिशी, चष्मा लागल्यावर जुनीच स्क्रीन त्याला पुरली.

मॉनिटरचं म्हणाल तर २४ इंची म्हणजे साधारण ५३ बाय ३० सेंटीमीटर, क्षेत्रफळात १५.६ च्या सव्वादोनपटीहून जास्त, आणि दोन्ही फुल एचडी असतील तर १०० टक्क्यांवरही अक्षर त्याच्या दीडपट. १४ ऐवजी १५.६ घेऊन मिळते ती जागा फक्त १८ टक्के जास्त. म्हणजे रोज पाऊण-एक किलो जास्त वाहून जे मिळतं त्यापेक्षा कितीतरी जास्त एका जागी ठेवलेली वस्तू देते. शिवाय मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणता येते, लॅपटॉपची स्क्रीन कितीही इंची असली तरी ती कीबोर्डला चिकटलेली असल्याने खालीच राहते. एक काळजी घ्या, टाइप-सी पोर्ट दिसला म्हणजे त्यातून मॉनिटर चालेलच असं नसतं, व्हिडिओ आउटपुट आहे असं स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं असलं पाहिजे, नसेल तर एचडीएमआय तरी हवं.

आता १५.६ किंवा १६ कधी घ्यायचा. तुमचं स्वतःचं टेबलच नसेल, आज इथे उद्या तिथे बसून पूर्ण दिवस काम करायचं असेल, तर मॉनिटरचा सल्ला उपयोगाचा नाही, मग १६ इंची १६:१० घ्या पण वजन बघून. मोठा म्हणजे जड असंच नसतं आता, मॅकबुक एअर १५ इंची १.५१ किलोचा आहे, एलजी ग्राम १७ इंची असून १.३५ किलोच्या आसपास. व्हिडिओ एडिटिंग असेल तरी मोठाच घ्या, मोठ्या बॉडीत पंख्यांना जागा मिळते. आकडे सारखे टाइप करत असाल तर नंबरपॅडचा मोह होईल, १५.६ वर तो बहुतेक मिळतो, पण त्यामुळे मुख्य कीबोर्ड आणि टचपॅड डावीकडे सरकतात आणि तुम्ही स्क्रीनच्या मध्यासमोर न बसता थोडे तिरके बसता, दिवसभरात ते कमरेला कळतं. यूएसबीचा वेगळा नंबरपॅड मिळतो, मी तोच वापरतो.

घ्यायच्या आधी एक आठवडा हे करून बघा. पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापा, एक ३०.२ बाय १८.८ आणि दुसरा ३४.५ बाय १९.४, आणि तुम्ही बसता तिथे समोर हातभर अंतरावर उभे करून बघा. आणि बॅगेत आत्ताच्या लॅपटॉपच्या जागी तीन दिवस सव्वा लिटर पाण्याची भरलेली बाटली न्या, पुढचे तीन दिवस सव्वादोन लिटर होईल इतक्या बाटल्या, चार्जर दोन्ही वेळा आतच ठेवा. सहाव्या दिवशी संध्याकाळी खांदा काय म्हणतो ते बघा आणि मगच ऑर्डर टाका.