वाचकांचे प्रश्न : रुग्णवाहिकेतील तंत्रज्ञ आणि प्रमाणपत्रांच्या पायऱ्या

प्रश्न : माझा धाकटा मुलगा यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाला. एमबीबीएसला प्रवेश मिळण्याइतके गुण त्याला नाहीत. परंतु रुग्णवाहिकेवर काम करण्याची त्याची मनापासून इच्छा आहे. एका खासगी वर्गाच्या जाहिरातीत ‘दोन महिन्यांत आंतरराष्ट्रीय ईएमटी, सर्व पातळ्या’ असे म्हटले आहे. शुल्क बरेच आहे. या पातळ्या नेमक्या काय असतात आणि असे प्रमाणपत्र घ्यावे का?
– एक पालक, हडपसर

उत्तर : जाहिरातीतील ‘सर्व पातळ्या’ हे दोन शब्द वाचूनच आपण सावध व्हावे, असे मला वाटते. ईएमटी म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. या पायऱ्यांची सर्वांत रेखीव मांडणी अमेरिकेत आहे आणि आपल्याकडच्या जाहिराती बहुधा तिचाच हवाला देतात, म्हणून आधी ती पाहू. तेथे चार पायऱ्या आहेत : इमर्जन्सी मेडिकल रिस्पॉन्डर, ईएमटी, अ‍ॅडव्हान्स्ड ईएमटी आणि पॅरामेडिक. वरच्या पायरीवरच्या माणसाला अधिक माहिती असते हे खरे. परंतु पायरी ठरते ती मुख्यतः रुग्णावर कोणते उपचार करण्याची मुभा आहे यावरून.

छातीत कळ येऊन घाम फुटलेल्या साठीच्या गृहस्थांकडे या चौघांपैकी एकेक जण पोहोचला, असे समजा. रिस्पॉन्डर नाडी आणि श्वास तपासेल, हृदय थांबलेच तर छातीवर दाब देईल आणि हृदयाला विजेचा झटका देणारे स्वयंचलित यंत्र, म्हणजे डिफिब्रिलेटर, लावील. ईएमटी याखेरीज अ‍ॅस्पिरिन चघळायला देईल आणि डॉक्टरांनी रुग्णाला आधीच लिहून दिलेली नायट्रोग्लिसरीनची गोळी जिभेखाली ठेवण्यास त्याला मदत करील. अ‍ॅडव्हान्स्ड ईएमटी शिरेत सुई घालून सलाइन लावू शकतो, श्वासासाठी घशात बसवायची ठरावीक प्रकारची नळी वापरू शकतो आणि मोजकी औषधे देऊ शकतो. पॅरामेडिक मात्र बारा लीडचा ईसीजी वाचून हृदयाची मोठी रक्तवाहिनी बंद झाल्याचे ओळखतो आणि अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयाला वाटेतूनच कळवतो. हृदयाची लय पाहून विजेचा झटका द्यायचा की नाही हे स्वतः ठरवतो, श्वासनलिकेत नळी घालतो आणि अनेक औषधे देतो. हे सारे त्याने मनाला येईल तसे करायचे नसते. त्यामागे वैद्यकीय संचालक असलेल्या डॉक्टरांनी आखून दिलेली लेखी कार्यपद्धती असते.

आता तासांकडे पाहू. अमेरिकेत ईएमटीचे प्रशिक्षण साधारणपणे १५० ते १९० तासांचे असते, तर पॅरामेडिकचे हजार तासांहून कितीतरी अधिक असून त्याचा मोठा भाग रुग्णालयात आणि रुग्णवाहिकेत प्रत्यक्ष कामाचा असतो. आपल्या जाहिरातीतील दोन महिने, रोज चार तास आणि आठवड्याचे सहा दिवस धरले, तरी बेरीज १९२ तासांच्या आसपास होते. एवढ्या वेळात दुसरी पायरी जेमतेम गाठता येईल. चौथीचे नावही घेता येणार नाही. शिवाय १९७० साली स्थापन झालेल्या अमेरिकेतील राष्ट्रीय नोंदणी संस्थेच्या परीक्षेस बसायचे, तर तिच्या नियमांनुसार मान्यता असलेला अभ्यासक्रमच पूर्ण केलेला असावा लागतो. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही काम करण्याचा परवाना ते ते राज्य वेगळा देते.

अशा वर्गांतून पुष्कळदा हाती पडते ते बीएलएसचे, म्हणजे मूलभूत जीवरक्षण प्रशिक्षणाचे कार्ड. अमेरिकन हार्ट असोसिएशनचा हा अभ्यासक्रम उत्तम आहे आणि आपल्या मुलाने तो जरूर करावा. परंतु तो एखाद्या दिवसात संपतो, त्याच्या कार्डाची मुदत दोन वर्षांची असते आणि ते कार्ड म्हणजे ईएमटीची कोणतीही पायरी नव्हे.

भारतात सध्या दोन वाटा दिसतात. पहिली कौशल्य प्रशिक्षणाची. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने ‘ईएमटी बेसिक’ आणि त्याच्या वरचा ‘ईएमटी अ‍ॅडव्हान्स्ड’ असे कामाचे निकष ठरवले आहेत. त्यांवर आधारलेले अभ्यासक्रम तुलनेने कमी मुदतीचे असतात आणि त्यांचे मूल्यमापन शिकवणाऱ्या संस्थेबाहेरच्या परीक्षकांकडून होते. दुसरी वाट पदविका किंवा पदवीची. संसदेने २०२१ मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचा स्पष्ट उल्लेख आहे. संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी दोन ते चार वर्षांत मिळून किमान २००० तासांचे शिक्षण हवे, आणि त्यावरच्या आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३६०० तासांची पदवी हवी, असे हा कायदा सांगतो. बारावी नुकतीच झालेल्या, हाताशी वर्षे असलेल्या मुलाने दुसरी वाट धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे नोंदणीचे निकष कडक होत जातील तेव्हा दोन महिन्यांचा कागद त्याला तारणार नाही.

कोणत्याही संस्थेचे शुल्क भरण्यापूर्वी काही गोष्टी लेखी मागाव्यात. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आणि चालत्या रुग्णवाहिकेत किती तास काम करायला मिळेल, अंतिम परीक्षा कोण घेणार, प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचे किंवा मंडळाचे नाव असेल आणि त्या आधारे वरील कायद्याखालील राज्य परिषदेकडे नोंदणी होते का, हे विचारावे. तोंडी आश्वासनाला येथे शून्य किंमत आहे. ‘शंभर टक्के नोकरी’ असे मोठ्या अक्षरांत छापणाऱ्या संस्थेकडे पहिल्या प्रश्नाचे उत्तर सहसा नसते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : मी बीएएमएस पदवीधर असून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवर काम करू इच्छिते. त्यासाठी ईएमटीचे प्रमाणपत्र घ्यावे लागेल का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : आपण डॉक्टर आहात, त्यामुळे तंत्रज्ञाच्या पायऱ्या खालून चढण्याची आपल्याला गरज नाही. महाराष्ट्रातील १०८ सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ मूलभूत जीवरक्षक प्रकारच्या होत्या. तिचे नियंत्रण केंद्र पुण्यातच, औंधला आहे. या योजनेत रुग्णवाहिकेवर डॉक्टर नेमण्याचे धोरण स्वीकारले गेले आणि त्या जागांवर आयुर्वेद शाखेचे पदवीधर मोठ्या संख्येने आले. याउलट २००५ मध्ये हैदराबादहून सुरू झालेल्या १०८ सेवेची रचना प्रशिक्षित तंत्रज्ञ गाडीत आणि सल्ला देणारा डॉक्टर दूरध्वनीवर अशी आहे.

पदवी असली तरी वेगळे प्रशिक्षण मात्र हवेच. दवाखान्यात बसून रुग्ण तपासणे आणि मुंबई–बंगळुरू महामार्गावर चेपलेल्या मोटारीतून मानेचा कणा न हलवता जखमीला बाहेर काढणे, ही दोन अगदी भिन्न कामे आहेत. पुण्यात सिंबायोसिसच्या आरोग्यविज्ञान संस्थेने आपत्कालीन वैद्यकीय सेवेची पदव्युत्तर पदविका याच हेतूने चालवली आहे. प्रवेशाच्या चालू अटी संस्थेकडून समजतील. नोकरीसाठी अर्ज करण्यापूर्वी बीएलएस आणि एसीएलएस (हृदयविकारातील प्रगत जीवरक्षण) ही दोन्ही प्रशिक्षणे पूर्ण केलीत, तर निवड झाल्यावरचे पहिले आठवडे सुसह्य होतील.

डॉक्टर नेमण्याच्या या धोरणाची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण हडपसरच्या पालकांनाही ती उपयोगी पडेल. गाडीतील मुख्य जागा डॉक्टरांकडे गेल्यामुळे आपल्या राज्यात तंत्रज्ञाची स्वतंत्र शिडी म्हणावी तशी उभी राहिली नाही. त्याला संधी आहेत त्या खासगी रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत, रुग्णवाहिका पुरवणाऱ्या कंपन्यांत आणि चाकण, रांजणगावसारख्या औद्योगिक पट्ट्यांत. पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला ‘अ‍ॅम्ब्युलन्स रूम’, म्हणजे तातडीच्या उपचारांचा कक्ष, ठेवणे कायद्याने बंधनकारकच आहे.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेत ज्येष्ठ नागरिक अधिक असल्याने एका रुग्णवाहिका कंपनीशी वार्षिक करार करण्याचा विचार आहे. कंपनी ‘कार्डिअ‍ॅक रुग्णवाहिका’ देऊ म्हणते. काय पाहावे?
– सचिव, कोथरूड

उत्तर : गाडीची श्रेणी आणि गाडीतील माणसाची पायरी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. गाड्यांसाठी एआयएस-१२५ हे मानक आहे आणि ते प्रसिद्ध करणारी एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आपल्याच भागात, वेताळ टेकडीवर आहे. या मानकात प्रथम प्रतिसाद वाहन, रुग्ण वाहतूक वाहन, मूलभूत जीवरक्षक आणि प्रगत जीवरक्षक असे ए ते डी प्रकार आहेत. ‘कार्डिअ‍ॅक’ हा त्यांतला प्रकार नव्हे. करारात सी किंवा डी असा प्रकार लिहून घ्यावाच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे मागच्या बाजूस रुग्णाशेजारी कोण बसणार, त्याची अर्हता काय आणि रात्री दोन वाजताही तोच दर्जा मिळेल का, हे लिहून घ्यावे. व्हेंटिलेटर चालवणारा माणूस सोबत नसेल, तर डी प्रकारची गाडी ही महागडी बी प्रकारची गाडीच ठरते.

प्रश्न : माझा भाचा न्यू जर्सीत ईएमटी आहे. आषाढीच्या सुमारास तो सुटीवर पुण्यात येणार असून पालखी मार्गावर वैद्यकीय सेवा करू इच्छितो. त्याचे प्रमाणपत्र येथे चालेल का?
– एक वाचक, पाषाण

उत्तर : परवाना म्हणून चालणार नाही, तो त्याच्या राज्यापुरता असतो. अमेरिकेतील राष्ट्रीय नोंदणीलाही दर दोन वर्षांनी नूतनीकरण लागते आणि त्यासाठी ईएमटीला ४० तासांचे सततचे शिक्षण दाखवावे लागते, म्हणून त्याची मुदत चालू आहे का हे आधी त्याला विचारावे. नागरिक म्हणून प्रथमोपचार करण्यास मात्र कोणाचीही आडकाठी नाही. रस्त्यावरील वाहन अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्यातील कलम १३४-ए चे संरक्षणही आहे. वारीत लागणारी मदत बहुतांशी पायांचे फोड, उन्हाचा त्रास, जुलाब आणि मधुमेही वारकऱ्यांची घसरलेली साखर यांसाठीच लागते, आणि त्यासाठी त्याचे कौशल्य पुरेसे आहे. त्याने एखाद्या रुग्णालयाच्या किंवा सेवाभावी संस्थेच्या पथकाकडे आधी नाव द्यावे, पथकप्रमुख डॉक्टरांना प्रमाणपत्राची प्रत दाखवावी आणि कोणती कामे सोपवणार हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे. इंजेक्शन आणि सलाइन त्या यादीत नसतील, हे त्याला येथे येण्यापूर्वीच कळवावे.