वरच्या मजल्यावर राहताना

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

खालच्या मजल्यावरचे काका आवाजाची तक्रार घेऊन महिन्याभरात तिसऱ्यांदा दार वाजवून गेले, असं तू कळवलंस. 'आम्ही गाणी लावत नाही, पार्ट्या करत नाही, मग आम्हीच का?' हा तुझा प्रश्न. पुण्यात भाड्याने राहणाऱ्या एकट्या मुलांवर सोसायटीचा संशय सगळ्यात आधी जातो. तो अन्यायच आहे आणि त्याचा राग येणं साहजिक आहे. पण म्हणून काका खोटं बोलतायत असं धरून चालू नकोस. तुम्हाला आवाज होत नाही असं वाटतं, हे खरं. त्यांची झोपमोड होते, हेही तितकंच खरं. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी असताना मी अशा जितक्या तक्रारी ऐकल्या, त्यांतल्या बहुतेकींत दोन्ही घरं प्रामाणिक होती.

याचं कारण स्लॅबमध्ये आहे. बोलणं, टीव्ही असा हवेतून येणारा आवाज काँक्रीट बऱ्यापैकी अडवतं. ठोक्याचं तसं नाही. टाच आपटून चालणं, खुर्ची सरकवणं, खलबत्त्यात आलं कुटणं, हातातून डंबेल सुटणं, हे सगळं थेट काँक्रीटमध्ये शिरतं आणि खालच्या छतातून बाहेर पडतं. आपल्या इमारतींत पाच-सहा इंची स्लॅब, त्यावर सिमेंटचा थर आणि त्यावर टाइल, इतकंच असतं. मधे मऊ असं काहीच नाही. काकांच्या बेडरूमसाठी तुमची फरशी म्हणजे ढोलाचं पान आहे. त्यात रात्री रस्ता शांत होतो, थंडीत पंखे बंद असतात, उतारवयात झोपही सावध असते. संध्याकाळी सातला जी खुर्ची कुणाच्या लक्षातही येत नाही, तीच रात्री साडेबाराला माणसाला उठवून बसवते.

तेव्हा पहिलं काम सांगतो आणि बाकी काही केलं नाहीस तरी एवढं कर. रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला खाली जा आणि काकांना म्हण, "काका, मला तुमच्या घरातून आमचा आवाज ऐकायचाय. वर मित्र थांबलाय, पाच मिनिटं देता का?" मित्राला फोनवर ठेव. आधी त्याला अनवाणी चालायला सांग, मग चप्पल घालून. मग जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढायला सांग, कपाट उघडून बंद करायला सांग, मिक्सर लावायला सांग, वॉशिंग मशीन स्पिनवर टाकायला सांग. तू काकांच्या पलंगाशी उभा राहा आणि काकूंनाही विचार, "रात्री येतो तो यांतला कुठला?" काकू चटकन सांगतील, कारण तो आवाज त्यांना पाठ झालेला असतो. मिक्सरबद्दल त्यांची काहीच तक्रार नाही आणि सगळा त्रास एका लोखंडी स्टूलचा आहे, असं निघालेलं मी पाहिलंय.

यात आणखी एक गोष्ट घडते. आवाज कसला, हे कळत नाही तोवर माणूस त्याची वाट बघत जागा राहतो. एक ठोका झाला की दुसरा कधी होतोय म्हणून कान लावून बसतो, आणि मुद्दाम करतायत असं त्याला वाटू लागतं. वरचा मुलगा खाली येऊन, उभं राहून ऐकून गेला, एवढ्यानेच त्यातलं 'मुद्दाम' निघून जातं. निम्मी तक्रार तिथेच संपते.

कधी आवाज तुमचा नसतोच. काँक्रीटच्या सांगाड्यात आवाज खांब-तुळयांमधून फिरतो, त्यामुळे तो नेमका डोक्यावरूनच येतो असं नाही. आमच्या इमारतीत दोन कुटुंबांचं बोलणं बंद व्हायची वेळ आली होती. रोज पहाटे ठक-ठक व्हायची आणि खालच्यांना ते वरच्यांचं काहीतरी कुटणं वाटायचं. प्लंबरने पाहिलं तर पाण्याच्या उभ्या पाइपचा क्लॅम्प सुटलेला. पंप बंद झाला की पाइप भिंतीवर आदळायचा. क्लॅम्प आवळला आणि आवाज गेला. म्हणून खाली जाशील तेव्हा वेळ नक्की विचार. पहाटे पाच म्हणाले, तर तू त्या वेळी झोपलेला असतोस हे नंतर सांग. आधी पंपाची वेळ वॉचमनला विचारून घे.

उपाय साधे आहेत. टेबल-खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट बसव, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतात. घरात मऊ तळव्याच्या चपला वापरा. मिक्सरखाली जाड कापडाची घडी ठेव, मशीनच्या पायांखाली रबरी पॅड. बेडरूममध्ये पलंगापासून दारापर्यंत सतरंजी अंथर. रात्रीच्या येरझाऱ्या तिथेच होतात. व्यायाम रात्री नको. स्पीकर जमिनीवर ठेवला असेल तर उचल आणि बेस कमी कर, धडधड तीच खाली जाते. भिंतीला चिकटवायचा स्पंज मात्र घेऊ नकोस. तो खोलीतला घुमारा कमी करतो, शेजारी जाणारा आवाज अडवत नाही. पुष्कळजण त्यात पैसे घालवतात.

तुझे अमेरिकेचे कॉल रात्री अकरानंतर असतात, त्याबद्दल वेगळं सांगतो. दोन्ही कान हेडफोनने झाकले की आपला आवाज आपल्याला नीट ऐकू येत नाही आणि माणूस नकळत चढ्या आवाजात बोलतो. एक कान मोकळा ठेव. गॅलरीत उभा राहून बोलू नकोस. मधल्या डक्टकडे उघडणारी खिडकीही बंद कर, तिथून शब्द न शब्द चार मजले जातो.

आता नियम. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे केंद्रीय नियम निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात; रात्र म्हणजे १० ते ६. हे आकडे परिसरातल्या आवाजाच्या सरासरीचे आहेत. खुर्चीचं अर्ध्या सेकंदाचं खरखरणं त्या सरासरीत दिसतही नाही, पण झोप मोडायला तेवढं पुरतं. म्हणून मोबाइलच्या अॅपवर आकडा दाखवून काकांना गप्प करायला जाऊ नकोस, आणि त्यांनी अॅप दाखवलं तरी घाबरू नकोस. हे नियम मुख्यतः लाउडस्पीकर, वाद्यं, फटाके, बांधकाम यांच्या कामाचे. तुझ्यासाठी जवळचा कागद म्हणजे तुझा लिव्ह अँड लायसन्स करार. शेजाऱ्यांना उपद्रव होऊ देणार नाही, असं कलम अशा करारांत बहुधा असतं, आणि गृहनिर्माण संस्थांचे उपविधीही सभासदाकडून तीच अपेक्षा करतात. म्हणून घरमालकाला ही गोष्ट सेक्रेटरीकडून कळण्याआधी तुझ्याकडून कळू दे. काय तक्रार आली, तू काय केलंस, असा चार ओळींचा मेसेज पुरे.

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यातलं काहीही लिहू नकोस. काकांनी लिहिलं, तर "काका, संध्याकाळी भेटायला येतो" एवढंच उत्तर दे आणि खरंच जा. ग्रुपवर साठ घरं वाचत असतात, तिथे माघार कुणालाच घेता येत नाही.

हे सगळं करूनही तक्रार थांबली नाही तर? तर तुझीही बाजू आहे. घरात चालणं, स्वयंपाक करणं, रात्री बाथरूमला जाणं, मित्राने एखाद दिवशी मुक्कामाला येणं, यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. प्रत्येक वेळी माफी मागत राहिलास तर आपणच दोषी आहोत असं तुलाही वाटू लागेल. जे बदललंस ते सांग आणि जे बदलता येणार नाही तेही नम्रपणे सांग: "काका, ऑफिसमधून मी कधीकधी साडेअकरालाच येतो, तेवढं दार उघडणं आणि पाणी वापरणं होणारच." तक्रारीची तारीख-वेळ एका वहीत लिहीत जा. तुम्ही तिघंही गावाला गेलेले असताना आवाज आला असेल, तर ती नोंद खूप बोलते. मग सेक्रेटरीला लेखी अर्ज दे आणि कमिटीतल्या एखाद्या समंजस माणसासमोर दोन्ही घरांनी एकदा बसावं असं सुचव. शिवीगाळ किंवा धमकी झाली तर ती आवाजाची तक्रार राहत नाही. तेव्हा वाद न घालता दार लावून ११२ला फोन कर. आणि त्यांनी खालून काठीने छत ठोकलं, तर वरून पाय आपटून उत्तर द्यायचं नाही, हे तुझ्या दोघा मित्रांनाही आजच बजावून ठेव.

खाली जाऊन आलास की आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा आपणहून विचार, "आता कसं आहे?" हा प्रश्न तुझ्याकडून जायला हवा. काका तक्रार घेऊन वर येईपर्यंत थांबू नकोस. त्यांना तुझा नंबर दे आणि सांग, रात्री त्रास झाला तर जिना चढू नका, मला फोन करा. फोन आला तर उचल, कितीही वाजले असले तरी.

करारातली उपद्रवाच्या कलमाची पानं मला फोटो काढून पाठव. मुदतीआधी घर सोडायला लावण्याबद्दल त्यात नेमकं काय लिहिलंय ते बघतो आणि मालकाला काय कळवायचं ते आपण मिळून ठरवू.

तुझा,
काका